नाकापेक्षा मोती

शुक्रवार रात्र, पावणेदहा. बाहेर उणे एकोणीस.
नेव्हेझिस नदी गोठून गप्प पडलेली
आणि मी लसूण घासलेला तळलेला काळा पाव
एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिलाव बघतेय.

मी स्किर्मान्ते. पानेवेझिसच्या काच-कारखान्यात
दिवसा तीनशे माणसांचं पगारपत्रक करते,
रात्री अकरा पोरांचं.
पोरं खरी नाहीत. नावं यंत्राने फासे टाकून ठेवलेली.
पण दर आठवड्याला एकाचा तरी गुडघा दुखावतो
आणि झोप माझी जाते.

ऐमान्तास आला तेव्हा अठराचा,
दोनशे अकरा सेंटिमीटर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
त्याच्या मापाचं अंथरूणच नव्हतं माझ्या खजिन्यात.
चेंडू हातात आला की
गरम बटाटा धरल्यासारखा फेकून द्यायचा.

सगळे म्हणाले, उंच आहे, रिबाउंड शिकव,
बास्केटखाली खांबासारखा रोव.
मी दोन हंगाम त्याला बुटक्यांच्या जागी खेळवला.
ड्रिबल. पास. पुन्हा पास.
चौदा सामने सलग हरलो.
प्रेक्षक, तेही खोटेच, घरी बसले.

कारण मला एक गोष्ट दिसली होती,
हिशोबाच्या बाईलाच दिसावी अशी:
यंत्र पगार ठरवतं जागा बघून.
खांबाला पैसे उडीचे, धक्क्याचे, जवळच्या नेमाचे.
खांबाला पास देता येतो का,
हे ते विचारतच नाही.
त्याला रकाना नाही.
रकाना नाही म्हणजे फुकट.

एवढी हुशारी मी उभ्या जन्मात केली नव्हती.
त्या रात्री स्वयंपाकघरात एकटीच हसले.

मग मंगळवारी रिमविदास माझ्या खिडकीशी आला.
एकतीस वर्षं भट्टीवर. आवाजावरून सांगतो,
आज काचेत बुडबुडा येणार.
टोपी काढून, पगाराची चिठ्ठी काचेला टेकवून म्हणाला,
"एवढंच?"
मी पत्रक उघडलं. श्रेणी, तास, रात्रपाळी, कपात.
पुन्हा वरून खाली बोट फिरवलं.
कान, असा रकाना नव्हता.
"एवढंच," मी म्हणाले.
त्याने चिठ्ठीची घडी घातली, अगदी बारीक,
नाण्याएवढी.

तिसऱ्या हंगामात मी ऐमान्तासला उडी शिकवली.
शिकायला बसला आणि वाढतच गेला, पिठासारखा.
हंगाम संपला, यंत्राने पगार नव्याने मोजले,
आणि एका रात्रीत त्याचा आकडा तिप्पट.
फुकटची विद्या फुकटच राहिली,
पण बाकीचीच एवढी महाग
की नाकापेक्षा मोती जड.
त्याला ठेवायचं तर चार जणांना काढायचं.
मी रात्रभर बेरजा बदलून पाहिल्या.
बेरीज माझ्यावर कधीच दया करत नाही,
म्हणून तर मी तिच्यात नोकरी धरली.

आता तीन मिनिटं उरलीत. तार्तूचा कुणी बोली वाढवतोय.
दोन मिनिटं. पाव गार.
गेला.

सोमवारी भट्टीतून अडीचशे बरण्या निघाल्या,
प्रत्येकीच्या पोटात बुडबुडा.
रिमविदास तिथेच उभा होता.
"ऐकू नाही आलं?" साहेबांनी विचारलं.
तो टोपी नीट करत राहिला.
माझ्या खिडकीकडे बघितलं की नाही,
मला सांगता येणार नाही. मी खाली वाकून
स्टेपलरच्या पिना शोधत होते.

बुधवारी तार्तूचा पहिला सामना होता.
माझा काही संबंध नव्हता, तरी उघडला.
ऐमान्तास बास्केटखाली उभा, खांबासारखा.
अठ्ठेचाळीस मिनिटं.
रिबाउंड सतरा.
पास: शून्य.

त्याच्या जागी माझ्याकडे नवा पोरगा आलाय,
एकशे शहाण्णव, डावखुरा.
काय शिकवायचं, यंत्र विचारतंय.
मी अजून काही निवडलेलं नाही.