बारा फूट ठेवलं

दारातून कुणी चिठ्ठी सरकवून गेलं होतं:
झाड तोडून मिळेल, निम्म्या पैशात, आजच्या आज.
नंबर होता, नाव नव्हतं.
मी ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली
आणि येस्टिनला बोलावलं.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकवीस वर्षं डाव फिरवला,
तेव्हा हा सहा वर्षांचा, गाजरं खिशात लपवणारा.
आता खांद्यावर दोरांची वेटोळी, कमरेला कप्प्या,
आणि आल्या आल्या करवतीला हात नाही.
मान वर करून झाडाभोवती दोन फेऱ्या,
मग लाकडी हातोडीनं बुंधा ठोकत गेला
मडकं वाजवून घ्यावं तसा.
एका जागी आवाज बदलला.
तिथे खडूनं फुली मारली.

ओन्नेन म्हणतो आम्ही ह्या झाडाला.
ह्याच्याच फांदीचा दांडा एम्लिनच्या कुऱ्हाडीला होता.
गोतास काळ म्हणतात तो, पण बिचाऱ्यानं
चाळीस वर्षं नुसतं सरपण फोडलं.
काळ आला तो वाऱ्यावरून, बुरशीचा,
तिचं नावही मला उच्चारता येत नाही.
तीन उन्हाळे शेंडा उघडा राहिला
आणि मी म्हणत राहिले,
यंदा पालवीला जरा उशीर होतोय, इतकंच.

"मिसेस प्रोबर्ट," (अजूनही मिसेस प्रोबर्ट)
"ह्यावर चढता येणार नाही. लाकूड बिस्किटासारखं झालंय.
खाली शाळेची बस थांबते. क्रेन लागेल."
आकडा कागदावर लिहून कागद माझ्याकडे वळवला.
एम्लिनला पोचवायला एवढेच लागले होते.
हे मी मनात म्हटलं की मोठ्यानं, आठवत नाही.
त्यानं टोपी काढली मात्र.

मग विषय बदलायला सफरचंदाकडे गेला.
"हे तोडायचं नाही. नुसती दाटी झालीय.
मधल्या चार फांद्या काढल्या की उजेड आत जाईल.
पण आत्ता नको. जानेवारीत, झोपेत असताना."
माझा डॉक्टर माझ्याशी इतकं सरळ बोलत नाही.

फुलीच्या वर, हातभर अंतरावर, एक चीर होती.
"वटवाघळं असली तर मला हात लावता येणार नाही.
कायदा आहे. आणि..."
पुढचं त्यानं गिळलं.

म्हणून जुलैतल्या एका संध्याकाळी परत आला.
दोन घडीच्या खुर्च्या, एक थर्मास.
नऊ वाजले. साडेनऊ.
तो म्हणाला, गाजरं अजून आवडत नाहीत.
मी म्हटलं, खिशांचं मला माहीत होतं,
कोट धुताना तुझी आई शिव्या मलाच द्यायची.
तेवढ्यात चिरेतून काहीतरी सांडलं,
शाईचा थेंब. मग दुसरा.
मी सात मोजले, त्यानं नऊ.
वाद झाला. नऊ लिहिले.

कार्डिफच्या कागदांना ऑक्टोबर उजाडला.
क्रेन आली. समोरची ग्लेनिस दिवसभर खिडकीत.
वरून खाली, तुकडा तुकडा, दोराला बांधून
झाड इतकं सावकाश उतरवलं
की बुडाशी एकही डेलिया मोडला नाही.
दुपारी करवत किंचाळली. फांदीच्या पोटात लोखंड:
मेरेरिदच्या झोक्यासाठी एम्लिननं ठोकलेला आकडा,
झाडानं गिळून वर साल शिवून टाकली होती.
साखळीचे दात गेले. बिलात लावले नाहीत.
आकडा पुसून माझ्या हातात दिला.
बिलावर मी तोच ठेवलाय, उडू नये म्हणून.

बारा फूट ठेवलं. चिरेसकट.
पोस्टमन विचारतो, पैसे कमी पडले का,
अर्ध्यावरच टाकून गेला तुमचा माणूस?
मी हो म्हणते.
ग्लेनिस म्हणते, सहा.
पण तिची खिडकी लांब आहे.