चोवीस

सेलमला एकेचाळीस वर्षं मी
सोनारांच्या दुकानांतला कचरा विकत घेतला.
झाडलेली धूळ, कानशीचा कीस, हात पुसलेली फडकी.
जाळायचं, चाळायचं, मुशीत घालायचं.
तेजाबाचा तांबूस धूर छातीत राहायचा
आणि पोतंभर राखेतून निघायच्या
कधी तीन गुंजा, कधी काहीच नाही.
काही निघालं नाही तरी
पोत्याचे पैसे दिलेले असायचे.

म्हणून भाचीने नळीत थुंकायला लावलं
आणि दीड महिन्याने मोबाईलवर
तीनशे बारा पाहुणे एकदम दारात आले,
तेव्हा मी घाबरलो नाही.
राख ओळखतो मी.
सातच्या खालचे सोडून दे, म्हणालो,
ते अभ्रक. नुसतं चमकतं.

राहिली ती सबिता राघू. क्यूरपीप, मॉरिशस.
चोवीस सेंटीमॉर्गन.
चोवीस! सोन्यात याच्या वर आकडा नाही.
इथे मात्र सहा हजार आठशेत चोवीस,
परातभर पिठात
शेजारणीकडून आणलेली चिमूट.
पण एकच तुकडा, सलग. मुशीत टिकणारा.

तिने धाडला तिच्या पणजीच्या आजीचा
बोटीच्या वहीतला उतारा:
नाव बागू. वय एकोणीस. उंची चार फूट आठ इंच.
डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा सातारा.
(आमचा खानापूर तालुका तेव्हा साताऱ्यातच.)
गावाच्या रकान्यात कारकुनाने काय ऐकलं कोण जाणे,
लिंगरी की लंगरी, शाई फुटलीय.
लेंगरं असेल. नसेलही.
बागू म्हणजे भागू? की भागीरथी? की
नाव विचारल्यावर तिला जे पहिलं सुचलं ते?

खाली एकच ओळ: तुम्ही माझे कोण?

आता काय सांगू.
नेलकरंजीचा मामेभाऊ अंकुश,
त्याच्यातही तोच तुकडा, त्याच जागी.
म्हणजे आईकडची म्हणावं,
तर माझ्या बापाची आईही त्याच घरातली.
आमच्यात मामाची पोर करायची चाल;
एकाच आडातलं पाणी दोन घागरींनी वर येतं
आणि मोजणारा म्हणतो, केवढं पाणी!
चोवीसातले किती खरे, किती दुहेरी?
जन्मभर वजनातून खोट वजा केली मी.
इथे खोट म्हणजेच घरचे.

सख्खा चुलतभाऊ दौलत, त्याच्यात ती नाहीच.
भाची म्हणते, होतं असं मामा,
चार पिढ्यांनी एखाद्याच्या वाट्याला येतच नाही.
वाटणीत असं होणं
आमच्या घरात काही नवीन नाही.

सुगी झाल्यावर बसाप्पा हेळवी आला.
त्याचा आजा बैलावरून यायचा, हा मोटरसायकलवरून.
ओट्यावर वही उघडून त्याने
अकरा पिढ्या खडाखडा म्हटल्या,
येसाजीचा सुभाना, सुभानाचा रामजी,
रामजीला तीन, त्यातला एक बिनवारस.
मुलगे. नुसते मुलगे.

लेकी कुठायत, बसाप्पा?
"लेकी दिल्या घरी, मालक. त्यांची वही त्या घरची."
आणि जी कुणी दिली नाही? जी आपली आपण गेली?
तो चष्मा पुसत बसला.

मी म्हणालो, लिही.
"कुणाची कोण म्हणून लिहू?"
रामजीची बहीण असेल. नसेल तर नेलकरंजीकरांची कुणी.
"अन् नाव?"
मी मोबाईल पुढे केला. त्याने बराच वेळ
तो फुटलेल्या शाईचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.
मग पेनाचं टोपण परत लावलं.

"नाव नक्की नसंल तर लिवता येत नाय, मालक.
जागा सोडतो. पर जागंचंबी पैसं पडत्यात."
दिले. पोत्याचेही द्यायचोच की.

त्याने पान सपाट केलं, पट्टी ठेवली,
आणि रामजीच्या शेजारी
बोट टेकवून विचारलं,
"किती वळी सोडू?"