सातव्या ट्रॅकमधली मोकळी जागा

सेंट लुईसच्या उत्तरेला, बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या तळघरात
आम्ही अकरा रात्री रेकॉर्डिंग केलं.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, जिन्याच्या तोंडाशी जुनी गादी,
तरी साडेबाराची मालगाडी
प्रत्येक टेकमध्ये शिरायचीच.
ओमारी म्हणाला, राहू दे. तीही इथलीच आहे.

मी रूथ-ॲन, बटणं सांभाळणारी.
कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली, एवढंच माझं काम.
या शहरात ते काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय,
फक्त तेव्हा त्याला मिक्सिंग म्हणत नसत.

ओमारी शब्द टाकायचा
ट्रकवरून विटा उतरवाव्यात तसे,
झेल, ठेव, झेल, ठेव,
शाळेत विचारलेलं, गाडी अडवून विचारलेलं,
बँकेच्या काचेमागून हसत हसत विचारलेलं
एकच, तू कोण, कुठला, इथं कशाला,
झेल, ठेव,
आणि भिंत उभी राहायची की घर,
ते ऐकणाऱ्यावर.

कोपऱ्यात लूशियस, त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ,
सॅक्सोफोन मांडीवर आडवा,
पेंगुळलेलं नातवंड घ्यावं तसा.
पाच रात्री नुसता बसून.
सहाव्या रात्री म्हणाला, पोरा,
तुझा ठेका फार सरळ आहे.
दार ठोठावणाऱ्याचा आहे.
आम्हाला पुढचं दार नव्हतं.
बोळातून, भांडी घासणाऱ्यांच्या मधून आत जायचो
आणि समेवर मात्र बरोबर
झुंबराखाली यायचो.

त्यानंतर तो वाजवायला लागला.
ओमारीच्या ओळी संपायच्या तिथं नाही,
तो श्वास घ्यायचा तिथं.

सातवा ट्रॅक व्हर्डेलवर होता, लूशियसच्या बहिणीवर.
बावन्न साली ती स्पोकेनच्या गाडीत बसली,
एक बॅग, एक टोपी,
आणि उतरली ती गोरी होऊन.
कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
एवढ्यावर एक अख्खा जन्म निभावला.
दर नाताळला कार्ड यायचं, पत्ता नाही, सही नाही,
आत घडी घातलेली पाच डॉलरची नोट.
आईनं एकही मोडली नाही.
कॉफीच्या डब्यात एकोणीस झाल्या,
मग यायच्या थांबल्या.

ओमारीनं बत्तीस ओळी लिहिल्या होत्या.
पळपुटी, मुखवटा, पांढऱ्या पिठात लोळलेली,
यमकं अशी की कातडी सोलावी.
एका दमात म्हटल्या. मार्केटा ड्रमवर नुसती पेटली होती.
मैफल रंगली म्हणतात ना, तशी रंगली खोली,
कुठल्या रंगानं, ते तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

लूशियस रागावला नाही.
रीड काढली, पुसली, परत बसवली. म्हणाला,
घर सोडेपर्यंत ती माझ्याबरोबर क्लॅरिनेट वाजवायची.
माझ्यापेक्षा चांगली.
तिकडं कधी हातात घेतली नसणार.
फुंक मारली असती, तर ओळखू आली असती.

मालगाडी येऊन गेली.
ओमारीनं कागद चुरगाळला नाही, सिनेमात करतात तसं.
पेन्सिल मागितली.
चार ओळी ठेवल्या, कुठल्या ते त्यालाच माहीत,
बाकीच्या जागी नुसती रेघ ओढली
आणि म्हाताऱ्याला म्हणाला, इथं तुम्ही.

लूशियसनं सॅक्सोफोन ओठाला लावला
आणि फुंकला नाही.
बोटं तेवढी चालली.
टिक, टिक्-टिक, सुराशिवाय सगळी धून,
चाव्यांची उघडझाप,
रात्री कुणी दुसऱ्याच्या घरात
कडी न वाजवता वावरावं तशी.

मी सगळ्यांना खाली घेतलं.
तो आवाज वर, आणखी वर,
सुया लाल होईपर्यंत.

अल्बम निघाला तेव्हा दुकानदाराचा फोन आला,
सातव्यात काहीतरी बिघाड आहे, बदलून द्या.
मी म्हटलं, सगळ्या प्रतींत तसंच आहे.

अजून लावते कधी कधी.
त्या जागेच्या शेवटी, अगदी दूर,
गाडी ऐकू येते.
जाते आहे की परत येते आहे,
रुळांच्या आवाजावरून ते कळत नाही.