चार मिनिटं दहा सेकंद

वीपके कुलूप लगेच विकत नाही.
आधी विचारते, सायकल कितीची,
रात्री कुठे उभी असते,
आणि सकाळी घाईत असतोस का?
घाईतल्या माणसाला ती जड साखळी देत नाही.
"जड साखळी घरीच राहते," म्हणते,
"आणि घरी राहिलेलं कुलूप फक्त घर राखतं."

ख्रोनिंगनच्या कालव्याकाठी तिचं दुकान,
दाराशी कापलेल्या कुलपांची बादली.
हे कात्रीनं गेलं. हे हातोडीनं.
हे तर बॉलपेनच्या नळीनं, काय सांगू तुला, येल्मर!
तारेचं स्वस्त कुलूप मागणाऱ्या पोरांना
ती बादलीत हात घालायला लावते.
हात बाहेर येतो तेव्हा
बोटांना गंज, चेहऱ्यावर थोडी अक्कल.

तीन वर्षांत मी शिकलो ते असं:
नुसतं चाक बांधशील तर चाकच उरेल.
सांगाडा, चाक आणि जमिनीत रोवलेलं लोखंड
एकाच मिठीत, आणि मिठीत हवा नको.
साखळी फरशीवर लोळू द्यायची नाही,
फरशी म्हणजे चोराची आयती ऐरण.
किल्लीचं भोक खाली,
पावसाला वर बघणारी तोंडं आवडतात.
थंडीत तेल नको, पेन्सिलीच्या शिसाची भुकटी.
आणि मागच्या चाकाचं ते नालासारखं कुलूप,
ते दोन मिनिटं पाव आणायला जातानाही.
तेव्हा तर नक्कीच.

मार्चमध्ये टीत्शे आली,
हातात नगरपालिकेची नारिंगी चिठ्ठी.
पुलाच्या कठड्याला नवऱ्याची सायकल, सहा आठवडे.
श्युर्ड त्या दिवशी तिथूनच दवाखान्यात गेला
आणि परत आला नाही.
तिनं सगळे खिसे उलटे केले,
चहाचे डबे, शिवणाची पेटी.
किल्ली नाही.

कुठलं कुलूप, हे वीपकेनं विचारलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी तिनंच विकलेलं,
काउंटरवर हात आपटून सांगितलेलं,
पाच मिनिटं तरी टिकेल.

ग्राइंडर घेऊन आम्ही पुलावर गेलो.
शनिवार, भर दुपार.
ठिणग्या पाण्यात पडत होत्या, विझत होत्या.
टीत्शेचे कागद खिशात धरून मी उभा,
कोणी विचारलं तर दाखवायला.
शाळेची पोरं गेली, पोस्टमन गेला,
सायकलवरचा पोलीस हात हलवून गेला.
एका बाईनं कानांवर हात ठेवले, बस.
कुणाची आहे, असं कोणी म्हणालं नाही.

चार मिनिटं दहा सेकंद.
वेळ मोजायला तिनंच सांगितलं होतं.
गुडघे झटकत वीपके उठली.
कापलेली कडी तापलेली होती, तरी तिनं सोडली नाही.
"पाच म्हणाले होते मी," टीत्शेला म्हणाली,
खालच्या आवाजात,
उधारी चुकल्यासारखी.

टीत्शेनं बाहीनं सीट पुसली.
सीट श्युर्डच्या उंचीची, तिचे पाय पोचेनात.
हातानं धरूनच ती निघाली,
उताराला लागली, थांबली, मागे वळली:
"हिला आता कुलूप लागेल ना?"

वीपकेनं तिला मधल्या वजनाचं दिलं, उचलता येईल असं.
दोन किल्ल्यांपैकी एक काढून
तिला चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर नाव लिहिलं
आणि काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली.

आता त्या खिळ्यावर एकोणीस किल्ल्या आहेत.
नवं गिऱ्हाईक हसतं कधी कधी,
एवढं पोलादी कुलूप घ्यायचं
आणि किल्ली परक्याच्या भिंतीवर?
वीपके खांदे उडवते, बादली पुढे सरकवते.

सगळ्यात वरची किल्ली माझी.