उनाड

नाना पेठेत माझं रेडियमचं दुकान.
रिक्षा, टेम्पो, बुलेटच्या टाक्या,
पत्र्याला मी काहीही चिकटवतो:
आईची कृपा, वाघाचे डोळे,
कुणाचं तरी नाव, कुणाचं खरवडून त्यावर दुसरं.
पत्रा ऐकतो. काच ऐकते.

ती टेम्पोतून उतरली पिवळीधमक,
दुकानापेक्षा लांब,
अर्धी फुटपाथवर, टायरवाल्याच्या नाकासमोर.
‘कयाक,’ हेमलताबाई गुजर म्हणाल्या,
टेलिफोन खात्यातून रिटायर, पायात पुरुषी सँडल.
‘नाव टाकायचंय. उनाड.’
मी विचारलं, कोण?
‘होडी,’ म्हणाल्या. मग थांबून,
‘सध्या होडी.’

निळी अक्षरं कापली, फुगे काढून बसवली.
पंधरवड्यात खडकवासल्याहून परत.
मधलं ‘ना’ धरणात गेलं होतं.
पिवळ्यावर उरलं होतं:
उ    ड

‘राहू द्या की बाई,’ टायरवाला म्हणाला,
‘उड! याहून झकास काय?’
मलाही बरं वाटलं, चूक आपोआप निस्तरली.
बाई हसल्या नाहीत.
‘छत्तीस वर्षं कानाला हेडफोन,
एक मिनिट हं, जोडते. घरीही तेच.
ते अक्षर मला परत हवंय.’

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
पाणी शिंपडलं, तर थेंब पळाले
अळूच्या पानावरून पळावेत तसे.
स्पिरिटनं पुसली. तरी पळाले.
मळ नव्हता, तेल नव्हतं,
कुणाला धरून ठेवायचं नाही, एवढंच होतं.

मग बंपर रंगवणारे बाबूमामा आठवले.
म्हणायचे, प्लास्टिकला आधी जाळाची ओळख करून द्यावी.
गॅसची बत्ती पेटवली, निळं टोक
इस्त्रीहून भरभर फिरवत राहिलो.
हात थांबता तर भोक पडतं.
पुन्हा पाणी टाकलं.
या वेळी पसरलं एकसंध,
ताटात वरण पसरतं तसं.
मी एकटाच ‘वा’ म्हणालो.

कोपरे गोल कापले, टोकदार आधी उठतात.
‘ना’ न ताणता ठेवलं;
ताणलेलं रेडियम विसरत नाही, आखडतं परत.
मधून बाहेर रबरी पट्टी दाबत गेलो,
कान्याच्या दांडीवर जरा जास्तच.
एक दिवस पाण्याला शिवू नका, बजावलं.
त्यांनी तीन दिवस ठेवली.

परवा फोन आला. मागे वारा होता.
‘ना घट्ट आहे हो, नखानं पाहिलं.
पण ‘ड’ची शेपटी उठतेय.’
जुनी अक्षरं मी तशीच ठेवली होती,
आळस, दुसरं काय.
म्हटलं, या घेऊन, जाळ दाखवू.
पलीकडे थोडा वेळ नुसतं वल्ह्याचं पाणी.
मग म्हणाल्या,
‘नाही. आज नाही.’