बसुर्तेकर, नंबर चोपन्न

रविवारी रात्री साडेअकराला
उद्यमबागेत आमची पाळी सुटताना
तिकडं अमेरिकेत त्याचा खेळ सुरू व्हायचा.
भट्टीमागं, साच्याच्या काळ्या वाळूत
मोबाईल उभा करायचा तंबाखूच्या डबीला टेकून
आणि बावीस जणांत शोधायचा
नागोजीकाकाचा केदार.

खूण सोपी.
पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत
गावाचं नाव.
इंग्रजी दहा अक्षरं
वडापच्या जीपमध्ये बसल्यासारखी, एकमेकांच्या मांडीवर.

वेशीवरची पाटी माझ्या हयातीत
तीनदा रंगवली, दोनदा डांबर प्याली.
पाठीवरची अक्षरं शिवलेली होती.

तिथल्या लोकांना एवढं नाव पेलायचं नाही.
साठ हजार तोंडं ओरडायची, बास! बास!
आपण पंगतीत ताटावर आडवा हात धरून म्हणतो तसं.
आणि हा थांबायचाच नाही.

काम काय त्याचं? बसवराज विचारायचा.
तो आणि मी एकाच भट्टीवर, अठरा वर्षं.
मी सांगायचो, एक रेघ असते.
रेघेवर धिप्पाड गडी वाकलेले, बोटं जमिनीला.
त्यांच्यामागं हा. गुडघे सैल, हात मोकळे,
नजर समोरच्याच्या कमरेवर.
डोळे फसवतात, खांदे फसवतात,
कंबर जाईल तिकडंच माणूस जातो,
असं भरमाण्णा आजा तालमीत सांगायचा.
केदार जन्मायच्या आधीच गेला आजा.
रेघ फुटली की येईल ते यानं अंगावर घ्यायचं.

‘म्हणजे सीमेवरचा,’ बसवराज म्हणाला,
आणि आम्ही दोघं हसलो,
जरा जपून.

पहिल्या वर्षी कुणीच निवडला नाही.
सातही फेऱ्या बापलेक टीव्हीसमोर,
काकूनं केलेले कांदेपोहे तसेच.
मग सरावापुरता घेतला,
आपटून घ्यायला माती लागते तसा.
दोन वर्षं माती.
मग कुणाचा तरी खांदा निखळला
आणि याला जागा झाली.
त्या मोसमात एकशे एक गडी पाडले.
मी साच्याच्या पेटीवर खडूनं मोजलेले,
तिकडचा हिशोब वेगळा असेल.
दोनदा संघानं सोडला,
एकदा तर विमानतळावर, फोन करून.
तीन शहरं, तीन रंग.

एकदा आदळला, उठला,
आणि दुसऱ्याच संघाच्या बाकाकडं चालायला लागला.
साठ हजार माणसं गप्प.
बसवराजनं मोबाईल पालथा घातला.
त्या रात्री आम्ही ओतलेली सगळी कास्टिंगं
बुडबुडे धरून निघाली, रद्दीत गेली.

शेवटी गुडघा.
कुणी शिवलंसुद्धा नव्हतं त्याला.
मोकळ्या हिरवळीवर नुसता वळला
आणि बसला.

जानेवारीत गावी आला.
दारातून वाकून आत येणारा माणूस
काकूंच्या फोटोपेक्षा फार म्हातारा. वय एकतीस.
तालमीत आता सोसायटीची खतं ठेवतात,
कोपऱ्यात थोडी तांबडी माती राहिलीय, ताडपत्रीखाली.
त्यानं बूट काढले.
खाली बसता येईना, म्हणून मीच मूठभर उचलून दिली.
वास घेतला. तेल नाही, ताक नाही, हळद नाही,
युरियाचा वास.
तरी खिशात टाकली.

पोरं जमली. एकानं विचारलं,
काका, तुम्ही जिंकलासा का हरलासा?

बराच वेळ शब्द शोधत राहिला.
मग म्हणाला,
‘मी थांबवलो.’

पुण्याचा कुणी असता
तर तिथंच हसून दुरुस्त केलं असतं,
मी थांबवलं, किंवा मी थांबलो,
दोन्हीतलं एक काय ते ठरव म्हणून.

आमच्यात असंच म्हणतात.
मी केलो, मी खाल्लो, मी थांबवलो.
पोरांना बरोबर कळलं.