राखीव लाइन

धुक्यामुळे बोट दीड तास उशिरा लागली.
साँव जोर्ज बेटाच्या पार पूर्वटोकाला, तोपू गावात,
दोना दिओलिंदाचं दुकान :
चीज, गमबूट, गळ, मेणबत्त्या
आणि गल्ल्याशेजारी आमच्या कंपनीचं कार्डयंत्र,
कोपरे झिजलेलं, नऊच्या बटणावर पिठाचं बोट.

"चाळीस सेकंद लागतात," तिने तक्रार सांगितली,
तीही अर्ध्या मनाने.
"गावातले तेवढ्यात एकमेकांची दुखणी विचारून घेतात.
पर्यटक मात्र घड्याळ बघतात."

मी यंत्र पालथं केलं.
टेलिफोनची चपटी करडी वायर,
टोकाची खिट्टी तुटलेली,
तिथे आगकाडी खोचून घट्ट केलेलं.
मेनूत शिरलो. डायलिंग : पल्स.
पल्स! या काळात!
म्हणजे दर गिऱ्हाइकामागे हे बिचारं
चकतीच्या फोनसारखं एकेक आकडा टकटकवत
लिस्बनच्या बँकेचं दार ठोठावायचं.
मला हसू आलं.
ती हसली नाही.

निळी केबल काढली, अकरा मीटर.
चीजच्या फळीमागून, खिळे चुकवत,
राउटरच्या तिसऱ्या भोकापर्यंत नेली.
यंत्राने पत्ता मागितला, राउटरने दिला,
कोण कुठला, कुणाचा, काही चौकशी नाही.
एका सेंटची चाचणी.
तीन सेकंद. मंजूर.
पावती फाडून मी ऐटीत तिच्यापुढे धरली.

ती छताकडे बघत होती.
छत गप्प होतं.

वर कोण असतं?
"एर्मिनियु. नवरा माझा. सहा वर्षं झाली, खाटेवर.
वाचा गेली, कान मात्र मांजराचे.
उशाशी जुना फोन आहे, याच लाइनवरचा.
खाली यंत्राने नंबर फिरवला की वर घंटी किणकिणते.
पुरती वाजत नाही,
चमचा बशीला लागावा तेवढीच.
मग तो काठी आपटतो जमिनीवर. एकदा.
कळलं, म्हणतो. विकलं गेलं.
ज्या दिवशी सगळे रोख देतात
त्या दिवशी सूप तसंच राहतं."

समांतर जोडलेल्या फोनची घंटी
पल्समुळे थरथरते, हे मला पाठ आहे.
पुस्तिकेत तो दोष म्हणून दिलाय,
पान एकोणसत्तर, उपायासकट.
काठीबद्दल पुस्तिकेत काही नाही.

मी हत्यारांची पेटी पुन्हा उघडली.
करड्या वायरला नवी खिट्टी दाबून बसवली,
आगकाडी खिशात टाकली, का ते ठाऊक नाही.
मुख्य मार्ग : नेटवर्क.
राखीव मार्ग : टेलिफोन.
पल्सला हात लावला नाही.
फॉर्मवर लिहिलं, वादळात उपयोगी पडेल.
यात खोटं काही नव्हतं, वादळं येतातच तिथे.

मग तिला दाखवलं :
ही निळी. खिट्टी दाबायची, ओढायची.
यंत्र थोडं गोंधळेल, मग आपणहून जुन्या वाटेला लागेल.
परत लावताना 'टक्' ऐकू येईस्तोवर आत.
तिने तीनदा करून बघितलं,
शिवणयंत्रात दोरा ओवतात तशी जीभ दातांत धरून.

परतीच्या बोटीला वेळ होता.
बालतझार नावाचा एक गवंडी आला,
हातमोजे, दोन बॅटऱ्या, चीजचा त्रिकोण.
कार्ड पुढे केलं.
दिओलिंदाने माझ्याकडे बघितलं नाही,
गल्ल्यामागे हात घातला आणि निळी ओढली.

यंत्र थबकलं. मग टकटकू लागलं.
वर, फळ्यांपलीकडे, बशीला चमचा लागला.
काही क्षण काहीच नाही.
आणि काठी.

तिने एप्रनला हात पुसले, कोरडेच होते.
पावती यायला अजून अवकाश होता.
बालतझारने टोपी काढली, माझ्याकडे वळला,
तेर्सेइराला पाऊस कसा आहे विचारलं,
मग घरी कोण कोण आहे,
मग आईचा गुडघा आता कसा आहे.
मी सांगत बसलो.